वणव्याचा नकाशा कसा वाचावा

‘दव’ या शब्दाशी आमची ओळख फार उशिरा पुरी झाली. मराठीत दव म्हणजे पहाटे गवतावर साचलेला ओलावा. संस्कृत कोशांत मात्र ‘दव’चे दोन अर्थ दिलेले आढळतात: एक अरण्य, आणि दुसरा अरण्याला लागलेली आग. जे जळते त्याला आणि जे जाळते त्याला एकच नाव! ‘वन’ आणि हा ‘दव’ एकत्र येऊन आपला ‘वणवा’ झाला, अशी त्याची व्युत्पत्ती मानली जाते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर तर या दोन्ही दवांचे ऋतुमान एकमेकांना लागून आहे. माघ सरता सरता मराठीतले दव गवतावरून नाहीसे होते आणि फाल्गुन-चैत्रात संस्कृतातले दव त्याच्या जागी येते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वावरणाऱ्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी तळेगाव-चाकण रस्त्याने रात्रीचा प्रवास केला तर एखाद्या डोंगराच्या कुशीवर आगीची वाकडी रेघ सरकताना दिसते. सकाळी त्या जागी काळा डाग उरतो आणि जूनच्या पहिल्या पावसांत तोही पुसला जातो. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे तुकोबांच्या चरित्रपरंपरेतले तिन्ही डोंगर याच मुलखातले. त्यांच्या भोवती आता कारखान्यांची शेडे, गोदामे, ट्रकतळ आणि निवासी संकुले आहेत. म्हणजे डोंगर जुने, गवत दरवर्षीचे आणि शेजार मात्र नवा, असा हा प्रकार आहे.

या आगींविषयी आजवर आपल्याकडे दोन प्रकारे लिहिले गेले. वर्तमानपत्रांनी ‘डोंगराला वणवा, वनसंपदा खाक’ असे चार ओळींत लिहिले आणि साहित्याने वणवा ही एक सोयीची प्रतिमा म्हणून वापरली. क्रांती वणव्यासारखी पसरते, बातमी वणव्यासारखी पसरते, विरहाचाही वणवा होतो. गेल्या दोन दशकांत मात्र एक तिसरे लेखन पुढे आले आहे. ते संख्याशास्त्राचे आहे. आग कोठे आणि केव्हा लागेल याची संभाव्यता ते मांडते आणि पिवळ्या, नारिंगी, तांबड्या चौकोनांचा नकाशा काढून देते. आमचे म्हणणे असे की हा नकाशा ही एक संहिता आहे, तिला वाचक हवेत, आणि ते वाचक पुरवण्याची जबाबदारी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी आपली नव्हे म्हणून झटकू नये. कारण ही संहिता चुकीची वाचली गेली तर त्याची किंमत कोणी तरी मोजणार आहे, आणि ती मोजणारा बहुधा नकाशा काढणारा नसेल.

प्रथम ही संहिता रचली कशी जाते ते पाहू. नकाशावर सारख्या आकाराचे चौकोन आखतात आणि वर्षाचे दिवस पाडतात. प्रत्येक चौकोनाच्या प्रत्येक दिवसापुढे एक आकडा येतो: आग आढळली तर एक, न आढळली तर शून्य. या शून्य-एकांच्या शेजारी त्या त्या ठिकाणचे तपमान, हवेतील आर्द्रता, वारा, उताराची तीव्रता व दिशा, गवत किती वाळले आहे याचा उपग्रहावरून काढलेला निर्देशांक, रस्त्यापासूनचे अंतर आणि वस्तीपासूनचे अंतर मांडतात. मग प्रश्न विचारला जातो: यांपैकी काय वाढले असता ‘एक’ येण्याचा संभव वाढतो, आणि किती? या प्रश्नाला सांख्यिकीत लॉजिस्टिक समाश्रयणापासून बिंदुप्रक्रियांपर्यंत अनेक उत्तरे आहेत. त्यांचा तपशील येथे नको. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे की पेटलेली आग कशी पसरेल हे सांगणारी प्रतिमाने निराळी असतात. चढावर ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवतात आणि म्हणून आग चढाने वेगाने धावते, हे त्या भौतिकीचे क्षेत्र. आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते प्रतिमान पहिल्या ठिणगीचा हिशेब मांडते. ठिणगीचे भौतिकशास्त्र फारसे गूढ नाही. ती बहुधा माणसाच्या हातून पडते. या मुलखात फाल्गुन-चैत्रात विजेने आग लागण्याचे प्रसंग विरळच, आणि भारतातील बहुतेक वणवे मनुष्यकृत असतात हे शासकीय अहवालही मान्य करतात.

आपल्या देशात हे काम प्रामुख्याने डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने केले. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना राज्यांच्या वनविभागांना देण्याची व्यवस्था तिने २००४ साली सुरू केली. पुढे सुमारे तेरा वर्षांचे असे बिंदू एकत्र करून तिने २०१९ साली देशातील वनक्षेत्राची आगीच्या दृष्टीने प्रतवारी लावली. चौकोन घेतले ते पाच किलोमीटर लांब व पाच किलोमीटर रुंद. देशाच्या वनाच्छादनापैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आगीला सामोरा जातो, हा २०१९च्या वनस्थिती अहवालातील बहुचर्चित आकडा याच पठडीतल्या कामाचे फलित. हे काम मोलाचे आहे, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याच्यापूर्वी वणव्याविषयीचे आपले ज्ञान म्हणजे वनरक्षकाची डायरी आणि गावातल्या आठवणी एवढेच होते.

आता वाचनाकडे वळू. नकाशा दोन प्रश्नांची उत्तरे देतो असे सांगतो: कोठे आणि केव्हा. साहित्याच्या वर्गात आपण जो पहिला प्रश्न विचारतो तोच येथे विचारावा: हे कोण पाहते आहे, कोठून पाहते आहे, आणि त्याला काय दिसत नाही?

‘कोठे’पासून आरंभ करू. पाच किलोमीटरच्या एका चौकोनात पंचवीस चौरस किलोमीटर मावतात. भामचंद्राचा कडा, पायथ्याची शिंदे-वासुलीची शिवारे आणि त्यांच्यालगतची औद्योगिक वसाहत यांना एकाच चौकोनात आणि एकाच रंगात बसवण्यास एवढी जागा पुरेशी आहे. बारीक नजरेच्या उपग्रहांचा चौकोन ३७५ मीटरचा असतो, म्हणजे सुमारे पस्तीस एकरांचा. त्यातही उपग्रह पाहतो ती आग नव्हे, उष्णता. म्हणून नासाच्या नोंदींत प्रत्येक बिंदूपुढे तो वनस्पतींची आग वाटतो, ज्वालामुखी वाटतो की जमिनीवरचा एखादा कायमचा उष्णतास्रोत, असा शेरा मारण्याची सोय ठेवावी लागली. कारखान्यांच्या पट्ट्यात भट्टी आणि वणवा यांतील हा भेद कागदावर ठरतो, आकाशातून नव्हे.

याहून मोठी गोष्ट आहे ती व्याख्येची. वन सर्वेक्षणाच्या हिशेबात वनाच्छादन म्हणजे किमान एक हेक्टर क्षेत्र आणि त्यावर किमान दहा टक्के वृक्षछत्र. आता आपल्या या डोंगरांकडे पाहा. कुसळीचे गवत, मधूनमधून बाभूळ, हिवर, खैर आणि बोरीच्या जाळ्या. कित्येक उतार या दहा टक्क्यांत बसणार नाहीत. असा उतार जळला तर लोक त्याला वणवाच म्हणतात, परंतु वनाच्या हिशेबात ते वन नव्हे. शब्दातले ‘वन’ व्याख्येने काढून घेतले म्हणजे उरते ते केवळ पेटलेले गवत. व्याख्येत न बसणारे ते नकाशात अंधुक होते, आणि नकाशात अंधुक झालेली जमीन ‘पडीक’ ठरवणे फार सोपे असते. मग एक तर तिच्यावर भूखंड पडतात, नाही तर तिच्यावर उपकार म्हणून खड्डे खणून रोपे लावली जातात.

येथे साहित्याच्या अभ्यासकांना अभिमान वाटावा अशी एक घटना नोंदवतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ माळ हे तुटलेल्या अरण्याचे अवशेष आहेत की मुळापासून माळच आहेत, हा त्यांचा प्रश्न. पुरावा त्यांनी घेतला तो तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रग्रंथांतून, आख्यानांतून आणि लोकगीतांतून. या वाङ्मयात आलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ गवताळ सवानाच्या खुणा सांगणाऱ्या निघाल्या आणि घनदाट अरण्याच्या अवघ्या तीन. निष्कर्ष असा की हे माळ किमान साडेसातशे वर्षांचे आहेत. ज्या जुन्या संहिता आपण पाठभेद आणि भक्तिभाव यांपुरत्या वाचत आलो त्या परिसरशास्त्राच्या साक्षीदार ठरल्या. तेव्हा संख्याशास्त्राचे काम शास्त्रज्ञांनी पाहावे आणि आम्ही पोथ्या पाहाव्या, ही वाटणी आता टिकणारी नाही.

या निष्कर्षाचा वणव्याशी थेट संबंध आहे. गवताळ सवानांत आग ही परिसंस्थेचाच एक भाग असते, हे आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील दीर्घ अभ्यासांनी दाखवून दिले आहे. म्हणून आपल्या डोंगरांना दरवर्षी आग लावावी असे मात्र मुळीच सिद्ध होत नाही. तीव्र उतारावरचे आच्छादन पावसाच्या तोंडावर जळाले तर माती वाहते, आणि टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची पिढीच्या पिढी त्यात जाते. परंतु सगळ्या आगी एकाच मापाने मोजता येत नाहीत, एवढे तरी यातून कळावे. नकाशातला ‘एक’ हा आकडा तीन वर्षांनी एकदा जळणाऱ्या माळालाही एक म्हणतो आणि कोवळ्या रोपांसह दरवर्षी जळणाऱ्या उतारालाही एकच म्हणतो.

आता ‘केव्हा’. वणव्यांच्या नोंदी ज्या उपग्रहांवरून घेतल्या जातात त्यांपैकी महत्त्वाचे उपग्रह आपल्या माथ्यावरून साधारणपणे दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. साग जळतो तेव्हा बुंधे दिवसदिवस धुमसत राहतात. गवताचे तसे नसते. गवताची आग तासा-दोन तासांत डोंगर चढून माथ्यावर विझते. संध्याकाळी सात वाजता लागलेली आणि नऊला विझलेली आग अशा उपग्रहाने कधी पाहिलेलीच नसते. ती रस्त्यावरून जाणाऱ्या शेकडो लोकांना दिसली, गावाने पाहिली, तिचा वास खोल्याखोल्यांत शिरला, पण नोंदीत तो दिवस शून्य. दुसऱ्या उपग्रहांच्या बारीक छायाचित्रांतून मागाहून काळा डाग ओळखता येतो, आणि तसे अभ्यासही होतात. मात्र डागावरून आग कोणत्या प्रहरी लागली ते कळत नाही. तेव्हा प्रतिमान ज्याला ‘केव्हा’ म्हणते त्याचा काही अंश ‘उपग्रह केव्हा आला’ असा असतो. शहरातल्या नोंदींचीही हीच गत आहे. अग्निशमन दलाच्या वहीत येते ती आग म्हणजे जिच्यासाठी कोणी तरी दूरध्वनी केला ती आग. जिच्या आसपास दूरध्वनी करणारे कोणी नाही ती आग वहीत लागलेलीच नाही!

येथे आमच्यातले काही वाचक म्हणतील, ‘मग हा सगळा खटाटोप निरर्थकच नाही का?’ हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही, आणि तो टाळावा म्हणूनच हा लेख लिहीत आहोत. पुराव्यात त्रुटी असणे ही कोणत्याही संहितेची सामान्य अवस्था आहे. हस्तलिखिताची पाने गहाळ आहेत म्हणून आपण ग्रंथ फेकून देत नाही. कोणती पाने गहाळ आहेत याची नोंद करून उरलेला वाचतो. चांगला संख्याशास्त्रज्ञही हेच करतो. न दिसलेल्या आगींचा अंदाज तो निराळा मांडतो, आपल्या आकड्यांभोवती अनिश्चिततेची मर्यादा आखतो. अडचण पुढे होते. नकाशा कार्यालयातून निघून बातमीत, बातमीतून गावात जातो तेव्हा ही मर्यादा वाटेतच गळून पडते.

ती गळते भाषेत. प्रतिमान जो आकडा देते त्याला आपण मराठीत काय म्हणतो ते पाहा. पाठ्यपुस्तक ‘संभाव्यता’ म्हणते. वर्तमानपत्र त्याचा ‘धोका’ करते. सामान्य माणूस त्याला ‘भाकीत’ समजतो, आणि त्या गावातल्या माणसाला तो ‘आरोप’ म्हणून ऐकू येतो. एकाच आकड्याचे हे चार अर्थ आहेत आणि चौघांचे परिणाम निरनिराळे आहेत.

भाकीत या शब्दाला आपल्याकडे जुना वास आहे. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी होते आणि तिचे भाकीत दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर छापले जाते. भाकीत खरे होते किंवा खोटे पडते. संभाव्यतेचे तसे नाही. उदाहरणादाखल समजू की एका तांबड्या चौकोनात एका दिवशी आग लागण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. असे शंभर चौकोन असतील तर त्या दिवशी सरासरी एक जळेल आणि नव्याण्णव कोरडे राहतील. त्या नव्याण्णवांच्या शेजारी राहणारे म्हणतील, नकाशा खोटा निघाला. पण हाच शंभरात एकचा दर एकाच चौकोनात शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात कायम राहिला, आणि एका दिवसाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे धरले, तर त्या मोसमात तेथे निदान एकदा आग लागण्याची संभाव्यता शंभरात त्रेसष्ट होते. रोज जवळजवळ खोटे ठरणारे विधान मोसमाच्या हिशेबात भरवशाचे असते. ही गोष्ट समजावून सांगायला गणिताइतकीच चांगल्या गद्याची गरज आहे, आणि मराठीत असे गद्य फार थोडे आहे.

‘आरोप’ या चौथ्या अर्थामागे तर एक इतिहास आहे. विरळ घटना मोजण्यासाठी जे सूत्र सर्वत्र वापरले जाते, आणि वणव्यांच्या प्रतिमानांतही जे पायाशी असते, ते फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नावाने ओळखले जाते. ते ज्या ग्रंथात आले तो १८३७ सालचा ग्रंथ न्यायनिवाड्यांविषयी होता. न्यायसभेचा निर्णय चुकण्याचा संभव किती, या प्रश्नातून तो लिहिला गेला. ज्या सूत्राचा जन्म निवाड्यातल्या चुकीच्या शंकेतून झाला ते सूत्र आज निवाडा म्हणून वाचले जावे, यात औचित्यभंग आहे. नकाशावर एखादे गाव तांबड्यात आले म्हणजे ते गाव गुन्हेगार ठरत नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली राखीव वनाला आग लावणे हा अपराध आहे, आणि अपराध व्यक्तीचा असतो, चौकोनाचा नव्हे.

परंतु प्रतिमानाला व्यक्ती ठाऊकच नसते, तिसरा प्रश्न ‘कोणी’ हा त्याच्या रकान्यांत नसतो. ‘कोणी’ची जागा तेथे ‘रस्त्यापासूनचे अंतर’ हा रकाना भरून काढतो. रस्ता जवळ तर आग जास्त, हे सर्वत्र आढळते आणि खरेही आहे. पण रस्त्यावरून कोण आले? पुढच्या वर्षी गवत चांगले फुटावे म्हणून काडी ओढणारा गुराखी, भाताच्या खाचरात राब भाजताना आग बांधाबाहेर गेलेला मावळातला शेतकरी, विडीचे थोटूक टाकणारा वाटसरू, डोंगरावर रात्र काढायला आलेली मित्रमंडळी, कचरा पेटवून निघून गेलेला कोणी, की जमीन मोकळी दिसावी असे ज्याला वाटते तो? या सर्वांचे रस्त्यापासूनचे अंतर सारखेच असू शकते. पोस्टरवर मात्र यांपैकी पहिल्याचेच चित्र असते. ‘वणवा लावल्याने गवत चांगले येते हा गैरसमज आहे’ हे वाक्य उन्हाळ्यात गावोगाव दिसते. गुराख्याची समजूत सुधारण्याची जितकी घाई आपल्याला असते तितकी इतरांचे हेतू शोधण्याची नसते.

जमीन मोकळी करण्यासाठी आगी लावल्या जातात, असे या पट्ट्यात बोलले जाते. बोलण्याला पुरावा म्हणता येत नाही, आणि पुराव्यावाचून आम्ही तो आरोप करणार नाही. पण हा संशय आपल्या संस्कृतीला नवा नाही एवढे म्हणता येते. महाभारतात खांडववन जळले होते, आणि इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्या दाहाकडे देवादिकांची लीला म्हणून न पाहता वस्तीसाठी भूमी मोकळी करण्याचे निर्घृण कृत्य म्हणून पाहिले होते. अग्नीची भूक हे महाभारताने दिलेले कारण होते. बाईंनी त्या कारणाआड माणूस शोधला. आज ‘रस्त्यापासूनचे अंतर’ या रकान्याआड माणूस शोधायचा तर तीच शिस्त लागेल.

आणखी एक अडचण या पट्ट्यापुरती विशेष आहे. प्रतिमान भूतकाळावर घडते आणि उद्याही कालच्यासारखाच असेल, असे धरून चालते. जेथे काल फारसा हलत नाही तेथे हे चालते. येथे काय झाले ते पाहा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, चिंचवड-भोसरीचा विस्तार झाला आणि पुढे चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. ज्या तेरा वर्षांच्या नोंदींवर देशाची प्रतवारी लागली त्याच वर्षांत चाकणच्या कित्येक माळांचे आवार झाले. गुरे कमी झाली म्हणजे गवत चरले-कापले जात नाही, उभे वाळते आणि जळण वाढते. नवा रस्ता आला म्हणजे दुर्गम उतार एका वर्षात ‘रस्त्याजवळचा’ होतो. आकड्यांना हे कळते, परंतु उशिरा कळते. मधल्या काळात ते ज्या डोंगराचे वर्णन करतात तो डोंगर तेथे उरलेला नसतो.

इतके बोलल्यावर स्वतःच्या गोतावळ्यालाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. साहित्याच्या क्षेत्रात आकड्यांविषयी एक सुखासीन तुच्छता आहे. ‘जीवनाचे गणित आकड्यांत मावत नाही’ असे म्हटले की आपली जबाबदारी संपते. पण आपल्या वणव्याच्या प्रतिमेने काय केले? तिने वणव्याला दैवाचे, कोपाचे, अनावर शक्तीचे रूप दिले. वणव्यासारखे पसरणे म्हणजे कोणाच्याही हातात नसणे. ‘निसर्गाचा कोप’ हा बातमीतला शब्दप्रयोग याच प्रतिमेचे अपत्य. याच्या उलट त्या कोरड्या प्रतिमानाने दाखवून दिले की वणवा रस्त्यांच्या कडेने लागतो, ठरावीक महिन्यांत लागतो, माणसाच्या वावराच्या मागोमाग जातो. म्हणजे तो दैव नव्हे, आणि टाळता येण्याजोगा आहे. ज्या गोष्टीवर आपण हतबलतेचा शिक्का मारला होता ती त्याने पुन्हा जबाबदारीच्या कक्षेत आणली. नैतिक दृष्ट्या पाहता या बाबतीत आकडे आपल्या प्रतिमेपेक्षा अधिक प्रामाणिक निघाले, हे मोकळेपणाने मान्य करावे.

मग आमचे मागणे काय? वनविभागाने व संशोधकांनी असे नकाशे मराठीत, त्यांच्या मर्यादांसह प्रसिद्ध करावेत. ‘या चौकोनात आम्हांला संध्याकाळच्या आगी दिसत नाहीत’ असे वाक्य नकाशाखाली छापण्यात कमीपणा नाही. गवताळ उतारांवर रोपे लावण्यापूर्वी तेथे मुळात वृक्ष होते का, हे विचारले जावे. जी जमीन आठ शतके माळ म्हणून जगली तिच्यावर अरण्य लादायचे आणि ते जळाले की गुराख्याला बोल लावायचा, हा न्याय नव्हे. आणि तिसरे मागणे स्वतःकडेच आहे. या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठीचे वर्ग भरतात. तेथील कित्येक विद्यार्थी याच गावांतले असतात. त्यांनी उन्हाळ्यात आपल्या डोंगराची एक वही ठेवावी. आग कोणत्या तिथीला, कोणत्या प्रहरी, कोणत्या अंगाने लागली, वारा कोठून होता, माथ्यावर जायला किती वेळ लागला, विझवायला कोण गेले, जाळरेषा आधी काढली होती का, आणि आगीविषयी आजी काय म्हणाली, शेजारी काय म्हणाला, हंगामी पाळत ठेवणारा मजूर काय म्हणाला, हे त्यांच्याच शब्दांत लिहावे. ज्याचे बोलणे लिहिले त्याचे नाव मात्र लिहू नये. अशी वही पोलिसांसाठी नसते.

अशा वह्या प्रतिमानाच्या विरोधात जाणार नाहीत. उपग्रहाला न दिसलेल्या संध्याकाळी त्यातून मिळतील, ‘रस्त्यापासूनचे अंतर’ या एका रकान्याचे पाच-सहा रकाने होतील आणि पुढचा नकाशा थोडा अधिक न्याय्य निघेल. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि मराठी गद्याचा पाया घातला, हे आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. कोणी, कोठे, केव्हा, काय म्हटले हे नेमके लिहिण्याची ती परंपरा आहे. तिचा उपयोग डोंगराखाली उभे राहूनही करता येईल.

येत्या फाल्गुनात डोंगर पुन्हा पेटतील. तेव्हा निदान खिडकीशी उभे राहून घड्याळ पाहावे आणि वेळ लिहून ठेवावी, एवढ्यापासून आरंभ करता येण्याजोगा आहे.